शिखरं उतरली म्हणजे सांगाडा मोडला का? झिओलाइट ए वरच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२५

विषय नक्की झाला. झिओलाइट ए म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या पोकळ सांगाड्याचा स्फटिक. त्यात सोडियमच्या जागी वेगवेगळे धातू आयन घालायचे (आयन-विनिमय) आणि एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात, सांगाड्याचं काय होतं ते पाहायचं. निघालो होतो पाण्यातून जड धातू काढण्यासाठी झिओलाइट वापरता येतो का हे बघायला. पण त्या विषयावरचं वाचताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत खुपत राहिली. तक्त्यात ‘स्फटिकता टक्के’ असा, एक्सआरडीच्या आलेखातल्या शिखरांच्या उंचीवरून काढलेला, रकाना असतो, मूळ सोडियमच्या नमुन्याला १०० धरतात, आणि शिसं किंवा चांदी आत गेल्यावर तो आकडा घसरला की सरळ लिहितात, ‘विनिमयामुळे रचना अंशतः नष्ट झाली’. शिखराची उंची कमी होण्याला दुसरी कारणं असू शकतात की नाही, याचा विचारच दिसत नाही. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तुम्ही दोघी तोच रकाना तपासा. प्रकल्प तोच.”

पायाची माहिती एकदा लिहून ठेवते. झिओलाइट ए १९४९ च्या सुमारास युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात मिल्टन यांनी प्रथम बनवला. त्याची स्फटिक रचना रीड आणि ब्रेक यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकास एक. प्रत्येक ॲल्युमिनियममागे सांगाड्यावर एक ऋण प्रभार येतो, तो फेडायला आत धनायन (धन प्रभाराचा आयन) लागतो. पेशी म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. लहान घन पेशीत (बाजू १२.३ अँगस्ट्रॉम) बारा सिलिकॉन, बारा ॲल्युमिनियम, अठ्ठेचाळीस ऑक्सिजन, बारा सोडियम आणि साधारण २७ पाण्याचे रेणू. सिलिकॉन-ॲल्युमिनियमची आलटूनपालटून रांग लक्षात घेतली की खरी पेशी बाजूला दुप्पट होते, २४.६१ अँगस्ट्रॉम. सोडियमचा तो ४ए, पोटॅशियमचा ३ए, कॅल्शियमचा ५ए. बाजारातली ही नावं आतल्या खिडकीच्या रुंदीवरून आली आहेत, आणि ती रुंदी ठरते खिडकीपाशी कोण बसलंय त्यावरून.

८ जुलै

सुरुवातीची पावडर डिटर्जंटच्या दर्जाची ४ए. पहिला स्कॅन गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर. कॉपरची नळी, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, ५ ते ५० अंश.

शिखरं जिथे हवी तिथेच आहेत (अंशांत; कंसातले आकडे म्हणजे ते शिखर देणाऱ्या स्फटिक-प्रतलांची नावं): ७.१८ (२००), १०.१७ (२२०), १२.४५ (२२२), १६.१, २१.७, २४.०, २७.१, २९.९ आणि ३४.१५. झिओलाइट ए बनवताना भट्टीत जास्त वेळ राहिला तर सोडालाइट होतो, त्याची शिखरं १४.१ आणि २४.५ ला दिसली असती. तिथे काही नाही. पावडर स्वच्छ आहे.

मॅडमनी सिलिकॉनची पावडर अंतर्गत मानक म्हणून प्रत्येक नमुन्यात वजनाने दहा टक्के मिसळायला सांगितली. कारण कागदावर मांडून बघितलं. गोनिओमीटरची (यंत्रातल्या कोन मोजणाऱ्या भागाची) त्रिज्या १८५ मिलिमीटर असेल आणि नमुना होल्डरमध्ये ०.१ मिलिमीटर वर-खाली बसला, तर शिखर सुमारे ०.०६ अंशाने सरकतं. ७.१८ अंशावर एवढं सरकणं म्हणजे पेशीची बाजू ०.२ अँगस्ट्रॉमने चुकणं. कॅल्शियम आत गेल्यावर पेशी खरोखर आकसते ती जेमतेम ०.१. म्हणजे पावडर दाबताना बोटाचा जोर कमी-जास्त पडला तरी कॅल्शियमच्या परिणामाच्या दुप्पट फरक निघू शकतो. सिलिकॉनचं शिखर २८.४४ ला असतं, झिओलाइटच्या २७.१ आणि २९.९ च्या मधल्या मोकळ्या जागेत. त्यावरून प्रत्येक स्कॅन सरळ करून घ्यायचा, आणि पेशीची बाजू मोठ्या कोनांच्या शिखरांवरूनच काढायची.

११ जुलै

पाऊस. प्रयोगशाळेतली हवा इतकी दमट की कागदही मऊ पडतोय, आणि आमच्या कामात ही दमट हवा स्वतःच एक घटक आहे.

हिशेब असा. एका लहान पेशीत सोडियम आयनांचे इलेक्ट्रॉन १२ × १० = १२०. पाण्याचे २७ × १० = २७०. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनवर. म्हणजे पाणी हे सोडियमच्या दुपटीहून जास्त ‘दिसतं’. एक नमुना ओव्हनमधून काढून लगेच मोजला आणि दुसरा दिवसभर पावसाळी हवेत ठेवून मोजला, तर विनिमय न करताही पहिल्या तीन शिखरांच्या उंचीत मोठा फरक येणार. तेव्हा सगळे नमुने एकाच आर्द्रतेत मुरवायचे. डेसिकेटरच्या तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण, वर जाळीवर नमुने. २५ अंश सेल्सिअसला अशा द्रावणावरची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते.

माझी जोडीदार पेडण्याची, आगरवाड्याजवळची. तिकडे मिठागरं आहेत. “घरचं मीठ आणू का गे?” तिने विचारलं. मोह झाला, पण नको म्हटलं. आगराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, म्हणून तर ते पावसात पाझरतं. त्या क्षारांवरची आर्द्रता वेगळी. डेसिकेटरात बाटलीतलं शुद्ध सोडियम क्लोराईडच घातलं. मॅडमचं जेवण मात्र त्या मिठानेच होतं, त्यांनी दोन किलो मागवलं आहे.

नमुने बसने पणजीला नि पुढे पठारावर न्यायचे असतात. त्यासाठी घट्ट बुचाच्या बाटल्या, बूच यंत्राशेजारीच उघडायचं.

१७ जुलै

विनिमयाला सुरुवात. प्रत्येकी १ ग्रॅम पावडर, ०.१ मोलर द्रावण १०० मिली, ढवळत, खोलीच्या तापमानाला, द्रावण बदलून पुन्हा. एका ग्रॅममध्ये सोडियम साधारण ५.५ मिलीमोल. द्रावणात एकप्रभारी आयन १० मिलीमोल, द्विप्रभारी असेल तर प्रभाराने २०. पुरेसं आहे.

धातू: पोटॅशियम, कॅल्शियम, तांबं, चांदी, शिसं, आणि शेवटी फेरिक लोह.

प्रत्येक द्रावणाचा पीएच पावडर घालण्याआधी आणि नंतर लिहायचा, ही अट मी घातली. झिओलाइट ए चं पाण्यातलं मिश्रण चांगलंच अल्कधर्मी असतं, आणि धातूंची द्रावणं आम्लधर्मी. दोघांची गाठ पडली की कधी धातूचा हायड्रॉक्साईड खाली बसतो, कधी सांगाडा विरघळतो. आयन-विनिमयाच्या नावाखाली बाटलीत आणखी बरंच काही चालू शकतं. ते एक्सआरडीत दिसेल तेव्हा ओळखू यायला हवं.

शिशासाठी हातमोजे, मास्क, वेगळं काचसामान. गाळलेलं पाणी बेसिनमध्ये जाणार नाही. सोडियम सल्फेट घालून लेड सल्फेट खाली बसवायचं आणि लेबल लावलेल्या बरणीत साठवायचं. लॅबमधल्या काकांनी बरणीवर तांबड्या पेनने मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

१८ जुलै

चांदीचा नमुना तपकिरी बाटलीत, तोही कपाटात. उजेडात ठेवलेला चिमूटभर भाग करडा पडला.

२४ जुलै

पोटॅशियम आणि कॅल्शियमचे स्कॅन आले.

कॅल्शियम: सगळी शिखरं जागेवर, फक्त थोडी उजवीकडे. ३४.१५ चं शिखर ३४.२८ च्या आसपास गेलंय. पेशी २४.५२. दोन प्रभारांचा आयन सांगाड्याच्या ऑक्सिजनला जरा जास्त ओढतो आणि सहा-ऑक्सिजनची कडी किंचित आत येते. हा सांगाड्यावरचा खरा परिणाम, आणि तो शिखराच्या जागेत दिसतो. लिथियमने तर पेशी २४.१ पर्यंत उतरते असं वाचलं. तिथेही सांगाडा अखंड असतो, फक्त आवळलेला.

पोटॅशियम: पेशी जवळजवळ तेवढीच, पण २०० आणि २२० ची शिखरं २९.९ च्या मानाने खाली आली आहेत. एकूण उंचीही कमी.

संध्याकाळी इलेक्ट्रॉनांची वही काढली. सांगाडा, त्याच्या प्रभारासकट: ७२० इलेक्ट्रॉन. त्यात धनायन असे: सोडियम १२०, कॅल्शियम (सहाच आयन लागतात) १०८, तांबं १६२, पोटॅशियम २१६, शिसं ४८०, चांदी ५५२. कॅल्शियमचा आकडा सोडियमच्या इतका जवळ आहे म्हणून त्याचा आलेख इतका ओळखीचा वाटतो. चांदीच्या वेळी मात्र आतले पाहुणे सांगाड्याच्या तीन-चतुर्थांशाहून जड होतात.

आणि हे नुसतं बेरीज-वजाबाकीचं प्रकरण नाही. एखाद्या शिखरात सांगाड्याकडून आलेली लाट आणि धनायनांकडून आलेली लाट एकमेकींना जोड देतात, दुसऱ्यात एकमेकींना खोडतात. धनायन जड झाला की काही शिखरं वाढायला हवीत, काही मरायला हवीत. झिओलाइट वाय मध्ये (हा वेगळ्या सांगाड्याचा झिओलाइट) हा प्रकार इतका ठरलेला आहे की त्याचा चाचणीसारखा उपयोग होतो: आत मोठं धातू-संकुल गेलं की १०.१ अंशाजवळचं २२० आणि ११.९ जवळचं ३११ यांची उंचीतली क्रमवारी उलटते, ३३१ मात्र दोघांच्या वरच राहतं. त्यावरून धनायनांनी जागा बदलल्या असं लोक वाचतात, सांगाडा मोडला असं नाही. घर तेच, बिऱ्हाडं बदलली.

२९ जुलै

तांब्याचा नमुना सुंदर फिकट निळा. आलेखात १२.४५ च्या खांद्याला एक नवं टोकदार शिखर, १२.८ ला. जोडीदार म्हणाली, “पेशी बदलली असेल, शिखर दुभंगलं असेल.” पेशीची सममिती बदलून शिखरं दुभंगतात हे खरं, पण मग इतरही दुभंगायला हवीत. ७.१८ आणि २४.० जशीच्या तशी होती. २५.८ ला मात्र आणखी एक नवीन शिखर होतं, २६.१ ला चिकटून. १२.८ म्हणजे ६.९ अँगस्ट्रॉमचं अंतर, २५.८ हे बरोबर त्याच्या निम्म्याचं. एकावर एक थर असलेल्या पदार्थाची ही खूण. कॉपर हायड्रॉक्सी नायट्रेटचे थर ६.९ अँगस्ट्रॉमवरच असतात. पीएचच्या वहीत पाहिलं, पावडर पडल्यावर द्रावणाचा पीएच चढला होता. म्हणजे झिओलाइटच्या अल्कधर्मी पृष्ठभागापाशी क्षार खाली बसला आहे.

द्रावण ०.०१ मोलर करून, थेंबाथेंबाने घालून पुन्हा केलं. नवी दोन्ही शिखरं गेली, निळा रंग राहिला. तांबं आत आहे.

५ ऑगस्ट

शिशाचा स्कॅन. ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं तो आज समोर आला.

त्याच पट्टीवर काढलेल्या आलेखात सोडियमच्या नमुन्याशेजारी शिशाचा नमुना जवळजवळ सपाट दिसतो. पहिल्या नजरेत कोणीही म्हणेल, गेला. पट्टी मोठी करून बघितलं तर शिखरं आहेत, जागेवर आहेत, आणि महत्त्वाचं म्हणजे रुंद झालेली नाहीत. त्यांची आपसातली उंची मात्र पार वेगळी आहे. सांगाडा तुकड्यातुकड्यांनी कोसळत असता तर २० ते ३० अंशांच्या मध्ये काचेसारख्या पदार्थाचा फुगवटा दिसला असता. तो नाही. २४.८ आणि २५.५ ला लेड कार्बोनेटचीही शिखरं नाहीत, पाणी उकळून थंड करून वापरल्याचा फायदा झाला.

उंचीच्या आकड्यांवरून चालू पद्धतीने टक्के काढले तर शिशाच्या नमुन्याची ‘स्फटिकता’ २० च्याही खाली भरते. हा आकडा मी तक्त्यात लिहिणार नाही. कारण खालच्या हिशेबात आहे.

७ ऑगस्ट

शोषणाचा हिशेब. वहीची दोन पानं भरली, इथे सार.

क्ष-किरण नमुन्यात शिरतात, विखुरतात आणि बाहेर येतात. येता-जाता नमुना त्यांना गिळतो. जाड, सपाट नमुन्यासाठी शिखराची उंची शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असते. कॉपर के-अल्फासाठी (कॉपरच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांसाठी) दर ग्रॅमला शोषण ऑक्सिजनचं साधारण ११.५, सोडियमचं ३०, ॲल्युमिनियमचं ४९, सिलिकॉनचं ६० च्या आसपास, पोटॅशियमचं १४५, चांदीचं २२० च्या जवळ, शिशाचं २३० च्या वर. सांगाडा तोच, पेशीचं घनफळ जवळपास तेच, पाणीही तेवढंच धरलं. मग पेशीतल्या प्रत्येक अणूचं वजन गुणिले शोषण अशी बेरीज केली:

सोडियमचा नमुना: ५८ हजारांच्या थोडा वर.
पोटॅशियमचा: सुमारे १ लाख १८ हजार.
शिशाचा: सुमारे ३ लाख ४२ हजार.
चांदीचा: शिशाच्या खालोखाल.

म्हणजे शिसं पूर्ण भरलेला, एकही बंध न तुटलेला, सर्वांगसुंदर स्फटिक घेतला तरी निव्वळ शोषणामुळे त्याची शिखरं जवळजवळ सहाव्या हिश्शावर येणार. ‘स्फटिकता १७ टक्के’ असं यंत्र सांगेल आणि प्रत्यक्षात काहीच मोडलेलं नसेल. पोटॅशियमचा आकडा तर मला शिशाहून जास्त अस्वस्थ करतो. ३ए ची चाळणी जगभर वर्षानुवर्षं अल्कोहोल सुकवायला वापरतात, तिच्या मजबुतीबद्दल कोणाला शंका नाही, आणि या पद्धतीने ती अर्धी मोडलेली ठरते!

मॅडमना वही दाखवली. त्यांनी एएसटीएम या चाचणी-पद्धती ठरवणाऱ्या संस्थेची सोडियम झिओलाइट ए साठीची सापेक्ष स्फटिकतेची पद्धत, डी५३५७, काढून समोर ठेवली. पद्धतीच्या नावातच ‘सोडियम’ आहे. तिचा उपयोग एकाच धनायनाचे नमुने एकमेकांशी ताडून पाहायला आहे. धनायन बदलला की तुलनेचा आधारच निघून जातो.

सिलिकॉनचा इथे दुसरा उपयोग झाला. तोही त्याच नमुन्यात बसला आहे, त्याचीही शिखरं तेवढीच गिळली जातात. झिओलाइटच्या शिखराला २८.४४ च्या शिखराने भागलं की शोषण कटतं. मग फक्त एवढी दुरुस्ती उरते की शिशाचा झिओलाइट जड आहे: लहान पेशीचं वजन सोडियमसाठी २१९१, शिशासाठी ३१५८, म्हणजे एका ग्रॅममध्ये पेशी सात-दशांशाहून थोड्या कमी. या दोन्ही दुरुस्त्या केल्यावर शिशाची शिखरं बरीच वर आली. सगळी नाहीत. काही अजूनही सोडियमपेक्षा खुजी, काही उलट उंच. ‘उंच’ ही निघाली याचा मला फार आनंद झाला. मोडलेल्या सांगाड्याचं शिखर मूळच्यापेक्षा वर जाऊच शकत नाही. हे जड धनायनांच्या जागांचं काम आहे.

१३ ऑगस्ट

फेरिक क्लोराईड. पावडर घालताच मिश्रण तपकिरी, मग चिकट. गाळायला संध्याकाळ झाली, फिल्टर पेपरवर रबडीसारखा थर. द्रावणाचा पीएच मुळात २ च्या आसपास.

आलेख वाईट आहे, पण तो दोन वेगळ्या कारणांनी वाईट आहे आणि ती वेगळीच लिहायला हवीत.

पहिलं, बॅकग्राउंड प्रचंड वर गेलं आहे. कॉपर के-अल्फाची ऊर्जा ८.०५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. लोहाच्या आतल्या कवचातून इलेक्ट्रॉन उडवायला ७.११ पुरतात. म्हणून लोह स्वतःच चमकू लागतं आणि त्याचा उजेड सगळ्या कोनांना सारखा पसरतो. कोबाल्टचंही तसंच, ७.७१. तांब्याच्या नमुन्यात हा त्रास झाला नाही, कारण तांब्याला ८.९८ लागतात, तेवढी ऊर्जा त्याच्याच के-अल्फात नाही. शिशालाही नाही. लोहाचे नमुने मोजायचे तर नमुन्यानंतर मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी पुढे सोडणारा भाग) लावावा, किंवा कोबाल्टची नळी, तिची ऊर्जा ६.९३, लोहाच्या उंबरठ्याच्या खाली. निव्वळ चमकण्याने शिखर मरत नाही. ते उंचावलेल्या पार्श्वभूमीवर उभं राहतं, फक्त अंधुक.

दुसरं, पार्श्वभूमी वजा केल्यावरही इथे शिखर उरत नाही. ७.१८ ला काही नाही. २४.० ला नाही. २० ते ३५ अंशांत रुंद फुगवटा. सिलिकॉनची शिखरं मात्र त्याच आलेखात टोकदार उभी आहेत, म्हणजे यंत्राला दिसत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. इथे सांगाडा खरोखर गेला आहे.

१९ ऑगस्ट

लोहाने मोडला की आम्लाने? ताळा करायला हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं ठरलं. जोडीदार म्हणाली, पीएच २ चं घेऊ, फेरिकचा होता तेवढाच. पण ती तुलना फसवी झाली असती. पीएच २ चं १०० मिली आम्ल म्हणजे फक्त १ मिलीमोल हायड्रोजन आयन. झिओलाइटची अल्कता तेवढं पहिल्या मिनिटात गिळून टाकते. फेरिक आयन मात्र पीएच वाढला की आणखी पाणी फोडून आणखी आम्ल देत राहतो, प्रत्येकी तीनपर्यंत. ०.१ मोलर, १०० मिली, म्हणजे ३० मिलीमोलचा साठा. तेव्हा ०.३ मोलर आम्ल १०० मिली.

सांगाडा पूर्ण सोडवायला प्रत्येक ॲल्युमिनियममागे चार हायड्रोजन आयन लागतात, एका ग्रॅमला जवळजवळ २२ मिलीमोल. आपल्याकडे ३०. पावडर ढवळता ढवळता विरघळली, गाळायला काही उरलं नाही. एक्सआरडी कशाची करणार? प्रश्न मिटला. फेरिकच्या कागदावर जी रबडी होती ती लोहाचा हायड्रॉक्साईड आणि सिलिकाचा जेल. ‘लोह-विनिमित झिओलाइट’ हे नाव त्या बाटलीवरून आम्ही काढून टाकलं.

सिलिकॉन-ॲल्युमिनियम एकास एक असल्याची ही किंमत आहे. वाय मध्ये ॲल्युमिनियम कमी, तो आम्ल जास्त सोसतो. एक ॲल्युमिनियम निघाला तरी शेजारी सिलिकॉन सांगाडा धरून असतात. ए मध्ये प्रत्येक सिलिकॉनचे चारही शेजारी ॲल्युमिनियम. ते गेले की धरायला कोणी नाही.

२५ ऑगस्ट

परवा चवथ, आजच नमुने लावून जायचं आहे. मी ज्या चाचणीवर सर्वांत जास्त विसंबून आहे ती आता सुरू: विनिमय उलटा फिरवायचा. आयन-विनिमय परत फिरवता येतो हे झिओलाइटांच्या बाबतीत आइशहॉर्न यांनी १८५८ मध्ये चाबाझाइट आणि नॅट्रोलाइटवर दाखवलं. धनायन परत सोडियम केले की इलेक्ट्रॉन, शोषण, जागा सगळं मूळपदावर येतं. मग उरलेली तूट ही फक्त सांगाड्याची तूट. हिशेबातल्या गृहीतकांची गरजच राहत नाही.

पोटॅशियमचा नमुना: सोडियम क्लोराईड १ मोलर, द्रावण बदलत.
शिशाचा: सोडियम नायट्रेट २ मोलर, ६० अंश सेल्सिअस. क्लोराईड नको, लेड क्लोराईड अर्धवटच विरघळतं.
चांदीला क्लोराईड लावणं तर अजिबात नको. ती सिल्व्हर क्लोराईड होऊन तिथेच बसेल आणि ३२.२ ला नवं शिखर घेऊन येईल. शिवाय झिओलाइट ए चांदीला इतका घट्ट धरतो की नायट्रेटनेही ती सहज सुटायची नाही. चांदीची उलटी चाचणी या प्रकल्पात घेणार नाही, तक्त्यात तसं स्पष्ट लिहायचं.

पोटॅशियमचा धुऊन डेसिकेटरात ठेवला. शिशाचं पहिलं द्रावण बदललं. गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड टाकल्यावर गर्द पिवळं लेड आयोडाइड. बाहेर येतंय. आता माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात जायला हवं.

४ सप्टेंबर

वर्गातल्या एकाने सुट्टीत पुण्याहून ह्यूलँडाइटचा तुकडा आणला, बेसॉल्टच्या पोकळीतला, मोत्यासारखी झाक. आपल्याकडे दख्खनचा बेसॉल्ट फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, सत्तरीकडे येतो, बाकी गोवा मुख्यतः शिस्टसारख्या जुन्या रूपांतरित खडकांचा. तुकड्याची चिमूट दळून स्कॅन केला, ९.९ ला देखणं शिखर.

हा आमच्या विषयाला आडवा वाटला तरी तसा नाही. ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट हे दोन्ही निसर्गात मिळणारे झिओलाइट, आणि त्यांचा सांगाडा एकच. मम्प्टन यांनी १९६० मध्ये दोघांना वेगळं ओळखायला उष्णतेची कसोटी सुचवली: ४५० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवलं की कॅल्शियमबहुल ह्यूलँडाइट मोडतो, क्लिनोप्टिलोलाइट टिकतो. आणि ह्यूलँडाइटमध्ये पोटॅशियम भरलं की त्याची उष्णता सोसण्याची ताकद वाढते. म्हणजे धनायनाचा सांगाड्याच्या आयुष्याशी संबंध नक्की आहे, आणि म्हणूनच ‘मोडला’ आणि ‘मोडल्यासारखा दिसला’ हा फरक जपायला हवा. सगळंच मोडलं असं लिहिलं तर ज्या धनायनाने सांगाडा सावरला तो कधी लक्षातच येणार नाही.

११ सप्टेंबर

परत फिरवलेल्या नमुन्यांचे स्कॅन.

पोटॅशियम ते सोडियम: मूळ आलेखावर ठेवला तर रेघ रेघेवर बसते. पेशी २४.६१. तूट नाही. विनिमयानंतर निम्मी झालेली शिखरं पूर्ण परतली.

शिसं ते सोडियम: शिखरं जोरात परतली. २००, २२०, २२२ यांची आपसातली क्रमवारी सोडियमसारखी झाली. पूर्ण उंची मात्र नाही. शेवटच्या गाळणीतही पोटॅशियम आयोडाइडचा फिकट पिवळेपणा होता, म्हणजे आत शिसं अजून आहे. झिओलाइट ए शिशाला सोडियमपेक्षा जास्त जवळचं मानतो, ते शेवटपर्यंत सुटत नाही. उरलेली तूट त्या शिशाची की सांगाड्याची, हे वेगळं करता येतं: थोडं शिसं उरलं असेल तर शोषण वाढून सगळी शिखरं खाली जातील, पण सिलिकॉनने भागल्यावर ती तूट भरून निघेल. भागलं. बहुतेक भरून निघाली. शिखरांची रुंदी मूळची, फुगवटा नाही.

फेरिकच्या रबडीला सोडियम नायट्रेटने कितीही धुतलं तरी ७.१८ ला काही उगवलं नाही.

१६ सप्टेंबर

अहवालाच्या तक्त्यावर मॅडमबरोबर बसलो. ‘स्फटिकता टक्के’ हा रकाना काढला. त्याच्या जागी पाच: पेशीची बाजू (सिलिकॉनने दुरुस्त), शिखरांची रुंदी, सिलिकॉनशी भागलेली उंची, नवी शिखरं आहेत का, आणि सोडियम परत घातल्यावर काय परतलं. शेवटच्या रकान्यात कॅल्शियमसमोर अजून रिकामी जागा आहे. त्याला सोडियम क्लोराईडची वाटी आज लावली. तांब्याला सोडियम नायट्रेट, पीएच ६ च्या खाली जाऊ न देता, उद्या. चांदीसमोर ‘तपासलं नाही’. फेरिकसमोर ‘विनिमय नव्हे, आम्लाने विघटन’.

शिशासमोर मॅडमनी आधी ‘रचना अंशतः बाधित’ असं पेन्सिलीने लिहिलं होतं. चर्चेनंतर ते खोडून त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘सांगाडा अखंड, शिखरांतील घट शोषणामुळे आणि धनायनांच्या विखुरणामुळे, थोडे शिसे शिल्लक.’

लेड सल्फेटची बरणी तीन-चतुर्थांश भरली आहे. ती घातक कचऱ्याच्या नोंदवहीत चढवायची आहे, वजनासकट.